कादंबरी लिहायला घेतली आहे: पणजीतलं जुन्या वस्तूंचं दुकान, गुप्त खण, प्रेम आणि एक खून. कुठे फसतंय?

आषाढसर

नमस्कार मंडळी. मराठीत रहस्य आणि प्रेमकथा एकत्र विणायचा प्रयत्न चालू आहे. साधारण चाळीस हजार शब्द झालेत आणि गाडी रुतली आहे. जाणकारांनी बिनधास्त चुका काढाव्यात.

उर्मिला, वय ४१. पणजीच्या फोंतेन्यश या जुन्या भागात वडिलांकडून आलेलं जुन्या वस्तूंचं दुकान चालवते. आंतोन, वय ४५, लिस्बनहून आलाय, लोटली गावातल्या वाडवडिलांच्या घराची वाटणी व्हायची आहे म्हणून. जुलैत, धो धो पावसात, उर्मिला त्याच घरातून एका दलालामार्फत आलेला सतराव्या शतकातला हस्तिदंती जडावाचा कोंतादोर (पुष्कळ खणांचं पोर्तुगीज धाटणीचं कपाट) पॉलिश करत असते. स्क्रूड्रायव्हर चुकून लागतो आणि गुप्त खण उघडतो. आत दोन कागद. एक, बँकेत सोनं गहाण ठेवल्याची १९५५ सालची ५००० इश्कूदांची पावती. दुसरं, आंतोनच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र: सगळी मालमत्ता उर्मिलाच्या आजीला. दुसऱ्या दिवशी तो दलाल मळ्यातल्या झऱ्याजवळ मेलेला सापडतो. संशय आंतोनवर.

खणाचं तंत्र पटतंय का? मृत्युपत्र कायद्याने टिकेल का? दुकानाच्या व्यवहारातलं काय सुटलंय? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बाराव्या प्रकरणानंतर नुसता तपास उरतो, प्रेम कोपऱ्यात जाऊन बसतं.

चपडालाख

लाकडाबद्दल बोलतो, बाकीचं इतर सांगतील.

आधी जुलै. भर पावसात चपड्याचं पॉलिश कोणी करत नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर विरघळवून, गाळून, मलमलीच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधून हात मारायचा, हे तुम्ही बरोबर लिहाल. पण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिशवर दुधासारखी पांढरी झाक येते. गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. त्या दिवसांत दुकानात काय चालतं? बुरशी पुसणं, कड्या-कोयंड्यांना तेल, कागदपत्रं सारखी करणं, मागच्या खोलीत सुट्या भागांना सरस लावणं. सरसही ओलीत उशिरा धरतो. पॉलिशचं काम नोव्हेंबर ते मे.

दुसरं, सतरावं शतक विसरा. तसे अस्सल इंडो-पोर्तुगीज कोंतादोर संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांत दिसतात, दलालाच्या टेम्पोतून येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या धर्तीवर घडवलेला घरगुती कोंतादोर घ्या. सांगाडा सागाचा, दर्शनी भाग शिसवी, जडाव हाडाचा. हस्तिदंत नकोच. त्याचा व्यापार भारतात बंद आहे आणि वस्तू शंभर वर्षांची असली तरी सूट नाही. काउंटरवर हस्तिदंत मांडणारी नायिका पहिल्याच प्रकरणात गुन्हेगार ठरेल. जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

तिसरं, खण. स्क्रूड्रायव्हर चुकून लागून उघडणारा खण म्हणजे सिनेमा. गुप्त खण मोजपट्टीने सापडतो. सगळे खण बाहेर काढायचे, मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे घालायचे (पुष्कळदा मूळ सुताराच्या खुणा तिथे आधीच असतात), आणि प्रत्येकाची लांबी मोजायची. बाहेरून खोली ४२ सेंटीमीटर, बाकी खण ३९ चे आणि एकच २८ चा, म्हणजे त्याच्यामागे दहा-अकरा सेंटीमीटर कोणीतरी खाल्ले आहेत. मग शेजारच्या खणाच्या पोकळीत हात घालून मधल्या फळीला भोक आहे का ते चाचपायचं. भोक असेल तर त्यातून विणायची सुई आत सरकवली की पितळी पट्टीची स्प्रिंग दबते आणि मागची पेटी पुढे ओढता येते. पट्टी ठिसूळ झाली असेल तर ती तुटते आणि पेटी कायमची अडकते. स्क्रूड्रायव्हर खुपसणारा माणूस हा धंद्यातला नव्हे, हे लाकडावरच्या ओरखड्यावरून कळतं. ही खूण खुन्यासाठी राखून ठेवा.

खोटेपणा ओळखायच्या आणखी थोड्या जागा. भुंग्याची भोकं खरी असतील तर वर फक्त तोंडं दिसतात, आत बोगदे वेडेवाकडे जातात. बोगदा लांबीत उघडा पडलेला दिसला तर कीड आधी लागली आणि फळी नंतर कापली, म्हणजे जुन्या लाकडाचा नवा माल. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हातकरवत, कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल यंत्रकरवत. टोकदार अणीचा यंत्रावरचा स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. आणि डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधी असूच शकत नाही. एवढं पुरे, नाहीतर कादंबरीचं सुतारकामाचं पुस्तक होईल.

सोळा_आणे

मृत्युपत्रावर तुमचं सगळं कथानक उभं आहे आणि ते गोव्यात दोन ठिकाणी कोसळतं.

पहिलं ठिकाण: हाताने लिहून खणात ठेवलेला कागद इथे मृत्युपत्र होत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे लागू होती. वारसाहक्काचा तिचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आला आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. दोन्हींत मृत्युपत्र एकतर नोटरीच्या पुस्तकात साक्षीदारांसमोर लिहिलेलं लागतं, नाहीतर बंद लखोट्याचं, आणि त्यालाही नोटरीची मान्यता लागते. शेजारच्या महाराष्ट्रात साध्या कागदावर दोन साक्षीदार घेऊन चालतं म्हणून मराठी लेखक इथे हमखास घसरतात. हा नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा नव्हे, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतला.

दुसरं ठिकाण: ‘सगळी मालमत्ता’ कोणालाच देता येत नाही. गोव्यात लग्नाआधी करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, वडिलोपार्जितसुद्धा, आणि निम्मी-निम्मी. म्हणजे घर सोळा आण्यांचं धरलं तर आठ आणे बायकोचे. उरलेल्या आठांतले चार मुलांसाठी राखीव, बापाला हात लावता येत नाही. स्वतःच्या मर्जीने देता येतात फक्त चार आणे. त्यामुळे ‘म्हाताऱ्याने सगळं बाईच्या नावावर केलं’ हा खुनाचा हेतू इथे पांगळा आहे. पण चार आण्यांचा हेतू जास्त रंगतदार होईल, कारण तो भांडण्याइतका मोठा आहे आणि कबूल करायला लाज वाटावी इतका लहान.

खणात मृत्युपत्राऐवजी चिठ्ठी ठेवा: नोटरीच्या पुस्तकाचा क्रमांक आणि पान. एवढंच. मग दोघांना ते पुस्तक शोधायला जावं लागेल.

वाटणीसाठी इथे ‘इन्व्हेंटरी’ चालते, दिवाणी न्यायालयात. वारसांची यादी, मालमत्तेची यादी, किंमत, मग वारसांमध्येच बोली. घरातल्या खुर्च्या-कपाटांपासून सगळं यादीत येतं. आता बघा, वाटणी चालू असताना कोंतादोर दलालाकडे आलाच कसा? आंतोनच्या एखाद्या भावाने बाकीच्यांना न विचारता विकला असणार. म्हणजे उर्मिलाने घेतला तो वादातला माल, आणि आंतोन तिच्या दुकानात शिरतो तो गिऱ्हाईक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून. प्रेमाच्या वाटेतला खरा काटा हा आहे, खून नंतर.

आणखी एक. आंतोन ४५ चा आहे, लग्न झालेलं असणारच. ते गोव्यात नोंदलेलं असेल आणि कायदेशीर घटस्फोट झालेला नसेल, तर लोटलीच्या घरातल्या त्याच्या वाट्यात बायकोचा निम्मा हिस्सा आहे आणि तिच्या सहीशिवाय त्याला तो विकता येत नाही. लिस्बनमधली ती बाई फोनवर एकदाच बोलवा, पण बोलवा.

दप्तरखाना

पावती: १९५५ मध्ये गोव्यात इश्कूद नव्हते. तेव्हा रुपिया चालत होता, एका रुपियाचे १६ टांगे. इश्कूद आला १९५९ मध्ये, एका रुपियाला ६ इश्कूद या दराने. तुमची ५००० इश्कूदांची पावती १९५५ ची असेल तर ती खोटी.

पण ही चूक दुरुस्त करू नका, ती कथेत वापरा! कोणीतरी खोटी पावती तयार करून खणात ठेवली, आणि त्याला हे चलन कधी बदललं ते माहीत नव्हतं. लिस्बनमध्ये वाढलेल्या किंवा १९६१ नंतर जन्मलेल्या माणसाची ही अगदी साहजिक चूक आहे, आणि वाचकाच्या डोळ्यांदेखत शंभर पानं उघडी राहू शकते.

खोट्या पावतीला कारणही भक्कम आहे. गोवामुक्तीच्या तोंडावर, डिसेंबर १९६१ मध्ये, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे गहाण असलेले गोवेकरांचे दागिने लिस्बनला नेले गेले. ते भारतात परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं लोक पावत्या जपून बसले होते. तेव्हा जुनी पावती हा नुसता आठवणीचा कागद नाही, तो दावा आहे.

कागद तपासायच्या पायऱ्या, नायिकेला घरच्या घरी जमतील अशा:

अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा लखलखला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, ते कागदात साधारण १९५० नंतर यायला लागलं. १९३० च्या पत्राने असं चमकू नये. मात्र १९५५ च्या कागदाबाबत ही चाचणी काठावर आहे, तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका. जुनी काळी शाई तपकिरी होते आणि जाड फटकाऱ्यांत कागद खाते. टाचणी असेल तर गंजाचा डाग दोन्ही पानांवर एकाच जागी जुळला पाहिजे. घडी पडलेल्या रेषेवर शाई पसरलेली असेल तर कागद आधी घडी घातलेला होता, लिहिलं नंतर. आणि गोव्यातल्या साठ पावसाळ्यांनंतर कागदावर एकही तपकिरी ठिपका नाही, कसर लागलेली नाही? तर तो कागद साठ पावसाळे इथे नव्हता.

पोर्तुगीज शुद्धलेखन १९११ मध्ये बदललं. ‘फार्मासिया’ आधी पी-एचने लिहायचे, मग एफने. पण इथे एक सापळा आहे. १९११ नंतरही जुनी माणसं जुन्या वळणानेच लिहीत राहिली, म्हणून १९२० च्या पत्रात जुनं शुद्धलेखन हा काही पुरावा नाही. १९०५ च्या दस्तात नवं शुद्धलेखन मात्र संशयास्पद.

उर्मिलाच्या आजीच्या बाजूचे कागद मोडीत दाखवा. हिंदू घरांत जमाखर्च मोडीत असायचा, आणि उर्मिलाला मोडी येत असेल, आंतोनला पोर्तुगीज, तर दोघांना एकमेकांशिवाय अर्धीच गोष्ट वाचता येईल. शके आणि इसवी सनात ७८ चा फरक, पण शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. शके १८१५ च्या माघातला कागद इसवीच्या १८९४ मधला, १८९३ मधला नव्हे. घाईत ७८ मिळवणारा तिथे एक वर्ष चुकतो. आणि या एका वर्षात कोणाचा जन्म कोणाच्या लग्नाआधी ठरतो, हे तुम्ही बघा.

जुने पोर्तुगीज दस्त घुसडून जमिनी हडपल्याची प्रकरणं गोव्यात इतकी झाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तेव्हा तुमचा खोटे कागद करणारा वाचकाला काल्पनिक वाटणार नाही.

वाचनमात्र

म्हणजे मृत्युपत्र बाद, पावती खोटी, हस्तिदंत नाही, सतरावं शतक नाही, जुलैतलं पॉलिशही नाही. आषाढसरांकडे उरलं काय, झरा आणि प्रेत?

चकवा

उरलं तेच चांगलं आहे. 🙂 आता बांधणीबद्दल.

तुमची अडचण प्रेम मागे पडतं ही नाही. प्रेम आणि तपास दोन वेगळ्या रुळांवर चालतात, ही आहे. समुद्रकिनाऱ्यावरचा एक प्रसंग, मग चौकशीचा एक, असं आलटून पालटून लिहिलं की बाराव्या प्रकरणात एक रूळ संपतो. प्रत्येक धागा असा हवा की तो सोडवायला दोघं एका टेबलाशी बसावी लागतील, आणि सुटला की दोघांतलं काहीतरी बिघडेल. मोडी-पोर्तुगीजची सोय वर दप्तरखाना यांनी करून दिलीच आहे. यादी वाचताना आंतोनला कळतं की कोंतादोर आपल्याच वाटणीतला आहे, आणि तो ते सांगत नाही. लबाडीने नव्हे. सांगितलं तर पोलीस कोंतादोर उचलून नेतील, दुकानाला टाळं लागेल. हे मौन मध्यावर फुटू द्या. ऐंशी हजार शब्द धरलेत तर चाळीस हजारांपाशी, म्हणजे तुम्ही आता जिथे अडलात बरोबर तिथेच.

संशयित पाच पुरेत: विकणारा भाऊ, घरातला मुंडकार (मालकाच्या जागेत घर करून राहणारा), नोटरीच्या कचेरीतला निवृत्त कारकून, दुसरा दुकानदार, आंतोन. चकवा एकच द्या, पण तो सरळ उभा करा. मुंडकार खोटं बोलतोय हे दिसू द्या. कारण मात्र खून नाही, घराच्या हक्काची भीती आहे. १९७५ च्या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण आहे, पण ते कागदावर आणायला तो घाबरतोय.

आता खुनी कसा सापडावा. चपडालाख यांचा मुद्दा धरून सुचवतो. कोंतादोरच्या दर्शनी भागावर जेवढे चौकोन दिसतात तेवढे खण आत नसतात. दोन चौकोनांमागे एकच खण असणं ही या कामातली जुनी खोड. समजा दर्शनी चौकोन बारा, आत खरे खण नऊ, आणि एक गुप्त. लांबून पाहिलेला माणूस ‘बारा खणांचा’ म्हणेल. न्यायालयाच्या यादीतही कारकुनाने बाराच लिहिले असतील. ज्याने खण बाहेर काढलेत, तो नऊ म्हणेल. दहा म्हणेल तो एकच, ज्याने मागची पेटी उघडली आहे. सातव्या-आठव्या प्रकरणात कोणीतरी गप्पांच्या ओघात ‘एवढे दहा खण, पण एकाला धड कुलूप नाही’ असं म्हणून जाऊ दे. दहापैकी नऊ वाचक ते ओलांडून जातील.

संवादांत कोकणी जपून. ‘कितें जालें?’, ‘तुका कोणें सांगलें?’ असली छोटी वाक्यं मराठी वाचकाला कळतात. म्हातारी कातोलिक बाई उर्मिलाला ‘बाय’ म्हणेल, दुकानातला सुतार ‘बाये’ म्हणून हाक मारेल. प्रत्येक वाक्याला ‘मॅन’ लावणारी पात्रं मुंबईच्या सिनेमात असतात, लोटलीत नव्हे.

आषाढसर

मंडळी, चार आणे, नऊ खण आणि रुपिया, एवढ्यानेच अर्धी कादंबरी नव्याने दिसायला लागली. पावती खोटीच ठेवतो. मात्र अजून दोन गोष्टी अडतात. दुसरा दुकानदार कोंतादोर परदेशी पाठवू बघतो, तिथे कायदा काय? आणि जुलैत पॉलिश नाही तर खण उघडतो कधी?

सोळा_आणे

१९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. शंभर वर्षांपलीकडची कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू, हस्तलिखितांना पंचाहत्तर. पुरावस्तू विकायचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणजे उर्मिलाच्या भिंतीवर तो चौकटीत हवा आणि टेबलावर आवक-जावक वही हवी. त्या वहीत दलालाचं नाव, तारीख, फोटो. तपास अधिकारी सगळ्यात आधी हीच वही मागेल. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. नेली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेतलं तरच ती कस्टममधून सुटते. तेव्हा तुमचा दुकानदार चोरून नेणार नाही, तो कोंतादोर नवा आहे असं सिद्ध करू बघेल. जुन्या सांगाड्याला फुलीच्या खाचेचे स्क्रू मारून ठेवेल! वर चपडालाख यांनी सांगितलेली खूण इथे उलटी फिरते.

पोलिसांच्या बाजूने: १ जुलै २०२४ नंतरची कथा असेल तर खुनाचं कलम १०३, भारतीय न्याय संहिता. ३०२ लिहू नका. शवविच्छेदन बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत).

चपडालाख

खण जुलैत उघडतच नाही. ही अडचण समजू नका, हाच तुमचा पुरावा आहे.

लाकूड लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. पेटीची उभी बाजू १७ सेंटीमीटरची फळी असेल तर उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना सागसुद्धा मिलिमीटरभर वाढतो. आंबा-फणस वापरला असेल तर आणखी. गुप्त पेटीला सुतार जागा सोडतो अर्धा-पाऊण मिलिमीटर, कारण सैल सोडली तर हलवताना खडखडते आणि गुपित फुटतं. म्हणून मृगाच्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत ती आवळते आणि ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत हलत नाही. सुई आत जाते, पट्टी दबते, पण पेटी येत नाही.

क्रम असा लावता येईल. मे महिन्यात दलाल कोंतादोर आणतो. उतरवताना आतून ‘खट्’ असा बारीक आवाज येतो, उर्मिला दुर्लक्ष करते. जूनमध्ये खण मोजताना ३९ आणि २८ चा फरक सापडतो, पेटी आहे हे कळतं, पण तोवर ती धरलेली. जुलैत खून. सगळा पावसाळा दोघांच्या मधोमध बंद पेटी. ऑक्टोबरमध्ये ती सुटते आणि आत खोटी पावती. म्हणजे पावती ठेवली गेली पावसाआधी. आंतोन दहा वर्षांनी गोव्यात उतरला तो जूनच्या शेवटी, विमानाच्या तिकिटासकट. त्याने ती ठेवलेली असू शकत नाही.

चकवा यांच्या नऊ खणांची मांडणीही देतो, नकाशा काढून भिंतीला लावा. रुंदी ९०, उंची ६०, खोली ४२ सेंटीमीटर. तीन ओळी, प्रत्येकी चार चौकोन. वरच्या ओळीत चारही खण खरे. मधल्या ओळीत मधले दोन चौकोन मिळून एक खण, म्हणजे तीन. खालच्या ओळीत दोन-दोन मिळून दोन. चार, तीन, दोन. आखूड खण तो मधल्या ओळीतला मधला रुंद. त्याच्यामागे चाळीस सेंटीमीटर रुंद, दहा खोल पेटी. घडी घातलेले दस्त आरामात मावतात.

वाचनमात्र

एक भोक दिसतंय. आत चाळीस वॉटचा बल्ब लावून आठ दिवस ठेवला तर लाकूड सुकेल की. आंतोनने रात्री येऊन तेच केलं असं फिर्यादी पक्षाचा वकील म्हणेल. आणि उर्मिला तरी ऑक्टोबरपर्यंत का थांबते?

चपडालाख

बल्बने सुकतं, बरोबर. पण एकाच बाजूने सुकतं. आतला भाग आकसतो, बाहेरचा फुगलेला राहतो, आणि पहिला बळी जातो जडावाचा. हाडाच्या चकत्या सरसाने बसवलेल्या असतात. हाड लाकडासारखं फुगत-आकसत नाही, त्यामुळे खालचं लाकूड भरभर हललं की चकत्या कडेने उचलल्या जातात, काही उडून पडतात. उर्मिलाला हे ठाऊक आहे म्हणून ती थांबते. आणि मेमध्ये माल घेताना वहीत लावलेल्या फोटोंत चकत्या मोजून घ्या, तेवढ्याच ऑक्टोबरमध्ये जागच्या जागी असल्या, एकही उचललेली नसली, तर बल्ब लावलाच नव्हता. फोटो समोरून आणि तिरप्या उजेडात, असे दोन्ही काढलेले दाखवा. समोरच्या फोटोत उचललेली कड दिसत नाही.